सात चेक, पाच केसेस आणि एक तारीख

ज्यांनी हा एपिसोड आधीच ऐकलाय त्यांना मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असतील. यावेळी रेकॉर्डिंग गावी, घरच्या हॉलमध्ये केलंय, त्यामुळे माफ करा. वाचणाऱ्यांसाठी इथे बोललेलंच थोडं नीट करून लिहितोय. आणि आधीच सांगतो, मी वकील नाही. बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेली दोन-अडीच वर्षं घरात चेक बाउन्सच्या केसेस चालू आहेत, आणि त्यातली एक गोष्ट आधी कळली असती तर बाबांचे बरेच दिवस वाचले असते. ती गोष्ट सांगायलाच आजचा एपिसोड.

बाबांचं खोक्यांचं छोटं युनिट आहे. पुठ्ठ्याची खोकी, पॅकिंगची. एका पार्टीकडे जुनी उधारी साचत साचत ६ लाख ३० हजारांवर गेली. २०२२ च्या दिवाळीनंतर पार्टी स्वतःच घरी आली, चहा प्यायली, आणि म्हणाली, "एकदम जमणार नाही, हप्ते करून देतो." सात चेक दिले. प्रत्येकी ९० हजारांचे, जानेवारी ते जुलै २०२३, दर महिन्याच्या १० तारखेचे. सोबत लेटरहेडवर एक हिशोबाचा कागद दिला: एकूण बाकी इतकी, त्यापोटी हे सात चेक, खाली सातही नंबर आणि सही. बाबांनी चेक कपाटात ठेवले आणि कागद डायरीत कुठेतरी खोचला. हा कागद लक्षात ठेवा.

जानेवारीत पार्टीचा फोन आला, "थांबा, मार्चएण्डला तिन्ही एकदम टाका." बाबा थांबले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही टाकले, तिन्ही परत आले. रिटर्न मेमोवर कारण होतं, खात्यात पुरेसे पैसे नाहीत. मग बाबा चिडले. पुढचे चार चेक त्यांनी त्या त्या महिन्यात टाकले, आणि प्रत्येक बाउन्स झाल्यावर लगेच वेगळी नोटीस पाठवायला लावली. हिशोब करा. पहिल्या तीन चेकची मिळून एक नोटीस, नंतरच्या चारांच्या चार. म्हणजे पाच नोटिसा, पाच फिर्यादी, पाच केस नंबर. आणि सुरुवातीला पाच वेगवेगळ्या तारखा. महिन्यात तीन-तीनदा युनिट बंद ठेवून कोर्टात जायचं, आणि तिथे कळायचं की समन्स अजून बजावलंच गेलेलं नाही. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर बाबा म्हणाले, "सोडून देऊ या रे. ९० हजारांच्या चेकसाठी मी माझीच रोजी बुडवतोय."

मी तेव्हा पुण्यात. मी फोनवर जे बोललो ते तुमच्यापैकी कुणीही बोललं असतं: "पण पाचही एकत्र करता येत नाहीत का? पार्टी तीच, बाबा तेच, उधारी तीच. एकच केस करा ना." मला वाटलं, डेटाबेसमधल्या पाच ओळी एकत्र करण्यासारखं आहे. आमच्या वकील मॅडम हसल्या. म्हणाल्या, "एकत्र म्हणजे नक्की काय एकत्र?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण लोक 'केसेस क्लब करा' म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. पहिली, अनेक चेकची एकच नोटीस आणि एकच फिर्याद. दुसरी, फिर्यादी वेगळ्या पण खटला एक. तिसरी, खटलेही वेगळे, फक्त कोर्ट एक आणि तारीख एक. तिन्हींचे नियम वेगळे, फायदे वेगळे. आणि पहिलीचा निर्णय कोर्टात होतच नाही, तो घरी होतो, बँकेत चेक टाकायच्या दिवशी.

आधी १३८ चा सांगाडा पटकन बघू. कायदा १८८१ चा आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, आणि चेक बाउन्सचं कलम १३८. चेक बाउन्स झाला म्हणजे लगेच गुन्हा होत नाही. बँकेकडून बाउन्सची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस. त्या १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर गुन्हा पूर्ण, आणि तिथून एक महिन्याच्या आत फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवावा असं कायद्यातच लिहिलंय. (इथे रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा आवाज ऐकू येतो. ते हसतायत.)

आता यातलं लॉजिक बघा. गुन्ह्याचा शेवटचा टप्पा नोटिशीनंतरचे १५ दिवस हा आहे. म्हणून तीन चेकची मिळून एक नोटीस दिली आणि पैसे आले नाहीत, तर कसूर एकदाच झाली, फिर्यादीचं कारण एकच, असा अर्थ काही उच्च न्यायालयांनी लावलाय. आमच्या पहिल्या तीन चेकची एकच फिर्याद त्यामुळेच होऊ शकली. खरं तर पार्टीच्या थापेमुळेच ते झालं. तिने 'थांबा' म्हटलं नसतं तर बाबांनी तेही वेगवेगळे टाकले असते आणि सात केसेस झाल्या असत्या.

मग पुढच्या चारांचंही तसंच करता आलं असतं का? बऱ्याच अंशी हो. चेकची मुदत तीन महिने असते. पूर्वी सहा होती, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून तीन केली. म्हणजे दरमहा एक चेक असेल तर एका वेळी आरामात तीन चेक एकत्र टाकता येतात. चौथ्याची वाट बघायला गेलात तर पहिला शिळा होतो. एप्रिल, मे, जूनचे चेक जुलैच्या पहिल्या दोन-चार दिवसांत एकत्र टाकले असते, त्यांची एक नोटीस दिली असती, आणि जुलैचा एकटा राहिला असता. पाचच्या जागी तीन केसेस. एप्रिलचा एकदा बाउन्स झाला असता तरी मुदतीत तो पुन्हा टाकता येतो. आधीच्या बाउन्सवर खटला भरला नसेल तर नंतरच्या बाउन्सवर भरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. फक्त एकदा नोटिशीची मुदत संपली, फिर्याद दाखल झाली, की त्या चेकचा डाव तिथेच ठरला.

पण सगळे चेक एका नोटिशीत कोंबा असंही मी म्हणणार नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो ते इथे आहे. नोटिशीत चूक झाली तर तीन चेक एकदम बुडतात. आणि चूक कुठे होते? रकमेत. नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट मागितलेली असावी लागते. बाबांचा हट्ट होता की व्याज धरा, माझा येण्याजाण्याचा खर्च धरा, आणि मिळून एकच आकडा लिहा. मॅडमनी ऐकलं नाही. त्यांनी तीन चेकचे नंबर, तारखा, प्रत्येकी ९० हजार, बेरीज २ लाख ७० हजार असं एका परिच्छेदात लिहिलं आणि व्याज खाली वेगळं. तेव्हा मला ही उगाच कारकुनी वाटली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला: नोटिशीत चेकच्या रकमेपेक्षा वेगळाच आकडा मागितला असेल तर नोटीस अवैध, टायपिंगची चूक होती हे सांगून ती वाचत नाही. तो वाचल्यावर मी मॅडमना मनातल्या मनात नमस्कार केला.

आता दुसरी गोष्ट, एकच खटला. आपल्या फौजदारी प्रक्रियेचा मूळ नियम असा की प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याचा वेगळा दोषारोप आणि वेगळा खटला. यामागे आरोपीचा विचार आहे. दहा आरोप एकदम अंगावर टाकले तर माणसाला बचाव करणं अवघड जातं, आणि एका आरोपाचा चिखल दुसऱ्यावर उडतो. या नियमाला अपवाद आहेत, आणि चेकवाल्यांच्या कामाचे त्यातले दोन.

एक अपवाद आकड्याचा. एकाच प्रकारचे गुन्हे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बारा महिन्यांच्या आत घडलेले, असे तीनपर्यंत गुन्हे एका खटल्यात चालवता येतात. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २१९. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हेच कलम २४२ झालं आणि तीनाचे पाच झाले. मला हे कळलं तेव्हा मी उड्या मारत फोन केला, "मॅडम, पाच! आपल्याही पाचच आहेत!" त्या म्हणाल्या, "तुमच्या फिर्यादी २०२३ च्या. जुने चालू खटले जुन्या संहितेनेच चालतात." म्हणजे आमच्यासाठी आकडा तीनच. नवं व्हर्जन आलं, पण आमचं डिव्हाइस अपडेटला पात्र नाही.

तीनची ही भिंत खरी आहे. २०१९ मध्ये गुजरातमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. चार चेक, चार केसेस, मागणी अशी की एकत्र करा. न्यायालय म्हणालं, २१९ नुसार तीनच एकत्र चालवता येतात. पण मग चारही केसेस एकाच तारखेला ठेवा असा आदेश दिला. मी मघाशी सांगितलेली तिसरी गोष्ट ती हीच: खटले वेगळे, तारीख एक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याला दुकान बंद करून जावं लागतं त्याला विचारा.

दुसरा अपवाद जास्त ताकदवान आहे, आणि त्याला आकड्याची मर्यादा नाही. जुनं कलम २२०, नवं २४३. एकमेकांशी जोडलेल्या कृतींची मालिका मिळून 'एकच व्यवहार' होत असेल, तर त्यात घडलेले सगळे गुन्हे एका खटल्यात चालू शकतात. एकच व्यवहार आहे की नाही हे ठरवताना न्यायालयं काळाची आणि जागेची जवळीक, कृतीतलं सातत्य आणि हेतूचं एकत्व बघतात. सहा महिन्यांत सहा वेगवेगळ्या ऑर्डरी, प्रत्येकीचं वेगळं बिल आणि वेगळा चेक, असं असेल तर समोरचा वकील म्हणणारच की हे सहा वेगळे व्यवहार. पण एकाच देण्याच्या फेडीसाठी एकाच दिवशी दिलेले हप्त्यांचे चेक असतील तर बाजू भक्कम होते.

आठवला का डायरीतला कागद? मॅडमनी विचारलं, "काका, सातही चेक एकाच बाकीपोटी, एकाच दिवशी दिले हे दाखवणारं काही आहे का?" बाबा म्हणाले, "हिशोबाचा कागद होता एक." होता! पुढचे दोन दिवस आईने माळ्यावरची रद्दी उपसली. २०२२ ची डायरी रद्दीवाल्याकडे जायच्या गठ्ठ्यात बांधलेली निघाली, आणि त्यात कागद. सात नंबर, सही, सगळं. ६ लाख ३० हजारांची गोष्ट एका घडी पडलेल्या लेटरहेडवर उभी होती आणि आम्ही ते किलोच्या भावात विकणार होतो. तुमच्याकडे असा कागद असेल तर हा परिच्छेद संपायच्या आत त्याचा फोटो काढा, आणि मूळ कागद जपून ठेवा.

या सगळ्याचा आधार म्हणून मॅडमनी अर्जात जो निकाल लावला तो १६ एप्रिल २०२१ चा, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाचा. सरन्यायाधीश शरद बोबडे त्याचे प्रमुख होते, नागपूरचे. विषय सुरू झाला तो १ लाख ७० हजारांच्या दोन चेकच्या एका प्रकरणातून, जे २००५ पासून रखडलं होतं. न्यायालयाने स्वतःहून अख्ख्या देशाचा प्रश्न हातात घेतला. त्यांच्यासमोर आलेला आकडा असा: २०१९ च्या अखेरीस फौजदारी न्यायालयांत २ कोटी ३१ लाख खटले प्रलंबित, त्यातले ३५ लाख १६ हजार एकट्या १३८ चे. न्यायालयाने सांगितलं की एकाच व्यवहारातले चेक असतील तर २२० खाली एकत्र खटला चालू शकतो. संसदेला शिफारस केली की बारा महिन्यांतल्या १३८ च्या गुन्ह्यांसाठी तीनची मर्यादा बाजूला ठेवणारी दुरुस्ती कायद्यातच करा. १३८ साठी तशी खास दुरुस्ती झालेली नाही, फक्त नव्या संहितेने सरसकट तीनाचे पाच केले. माझ्या मते हे अर्धंच काम आहे. हप्त्यांचे चेक बहुतेक वेळा बारा असतात, पाच नसतात.

त्याच निकालात समन्सबद्दलही एक गोष्ट आहे जी मला जास्त आवडली. एकाच व्यवहारातल्या अनेक फिर्यादी एकाच कोर्टात असतील आणि एकीचं समन्स बजावलं गेलं, तर ते सगळ्यांचं बजावलं गेलं असं धरता यावं, यासाठी उच्च न्यायालयांनी सूचना काढाव्यात असं म्हटलंय. थोडक्यात सिंगल साइन-ऑन. आमच्या पार्टीने एका केसचं समन्स घेतलं होतं आणि बाकी चारांवर 'घर बंद' असा शेरा येत होता. तेच घर, तोच पोस्टमन, तोच दरवाजा.

एक मिनिट माझ्या स्वतःच्या घोळाबद्दल. मे महिन्याचा चेक मी पुण्यात टाकला होता. गावी गेलो होतो, बाबांनी दिला, येताना बँक बंद, म्हणून कोथरूडच्या शाखेत टाकला. नंतर धडकी भरली की आता ही एक केस पुण्यात चालणार आणि एकत्र करण्याचं स्वप्न संपलं. तसं झालं नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यावर वटवायला टाकला असेल तर बघतात ते चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे ती शाखा. कोणत्या शाखेच्या पेटीत टाकला याने फरक पडत नाही. शिवाय कलम १४२-अ असंही म्हणतं की एकदा त्या चेकदात्याविरुद्ध योग्य कोर्टात फिर्याद झाली की पुढच्या फिर्यादी त्याच कोर्टात करायच्या. आपल्या फायद्याचं कलम आहे, पण फारसं कुणाला माहीत नसतं.

आरोपीला या सगळ्यात काय मिळतं, हेही बघायला हवं. २०१३ मध्ये हरियाणातल्या एका माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, पंधरा केसेसमध्ये शिक्षा झालेला. न्यायालयाने केसेसचे गट केले. एकाच कर्जव्यवहारातल्या चेकच्या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या, वेगळ्या व्यवहारांच्या मात्र एकामागून एक. दंड न भरल्याबद्दलची कैद त्या सवलतीत येत नाही. म्हणजे 'एकच व्यवहार' हे फिर्यादीसाठी फेऱ्या कमी करतं आणि आरोपीसाठी तुरुंगाचे महिने. आमच्या पार्टीच्या वकिलाने तरीही अर्जाला विरोध केला. त्यांचं म्हणणं, नोटिसा वेगळ्या म्हणजे गुन्हे वेगळे. मला वाटतं, त्यांना खरा फायदा बाबा दमण्यात दिसत होता.

आणि मधेच एक आमिषही आलं. पार्टीने निरोप धाडला, "मिटवू या, तीन नवे चेक देतो." बाबा जवळजवळ हो म्हणाले होते. मॅडमनी अडवलं. २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तडजोड करून नवे चेक घेतले की जुन्या चेकचा खटला आणि नव्यांचा खटला दोन्ही शेजारी शेजारी चालवता येत नाहीत, जुन्याची जागा तडजोड घेते. म्हणजे नवे तीन बाउन्स झाले असते तर आम्ही परत पहिल्या पायरीवर. बाबांनी उलट निरोप दिला, "चेक नको. खात्यावर टाका, मग बोलू."

अर्जाचं काय झालं? पाचही केसेस एकाच कोर्टात आल्या. हिशोबाचा कागद दाखल झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक खटला करण्याचा मुद्दा पुढे ठेवला, पण पाचही केसेस एकाच तारखेला लावल्या, आणि आरोपीला पाचांमध्येही हजर धरून घेतलं. बाबांची उलटतपासणी पाच फायलींत झाली, पण एकाच दिवशी, एका बैठकीत. पाचव्या वेळेला तोच प्रश्न आला तेव्हा बाबा म्हणे कोर्टातच म्हणाले, "साहेब, मघाचंच उत्तर." कोर्टात हसू फुटलं.

मला अजून एकच खटला हवा आहे. बाबांना मात्र आता तेवढी घाई नाही. पूर्वी ते कॅलेंडरवर पाच रंगांच्या पेनाने खुणा करायचे; आता महिन्यात एकच गोल असतो. पुढचा २१ तारखेला आहे, आणि त्या दिवशी युनिटची किल्ली मी सांभाळणार आहे, म्हणून हा एपिसोड गावाहून.